लेकराचं नाव पटावर, पोच आपल्या हातात

आपेगाव पैठण तालुक्यातलं, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या बापाची चार लेकरं. आळंदीच्या ब्रह्मवृंदानं त्यांना सांगितलं, पैठणहून शुद्धिपत्र आणा, मग बघू. एका कागदासाठी ती भावंडं गोदाकाठी आली, असं परंपरा सांगते. पुढे काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. मला ही गोष्ट दर जूनमध्ये आठवते. त्या दिवसांत तालुक्याच्या गावाला हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेली माणसं दिसतात. कुणाला पोराची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) हवी असते, कुणाच्या नावात काना चुकलेला असतो, कुणाला फक्त एवढंच विचारायचं असतं की पोरगी वर्षभर शाळेत गेली, पण तिला वाचता का येत नाही.

या माणसांनी कुणाच्या दयेची वाट बघत बसायचं कारण नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. लोकांना वाटतं आरटीई म्हणजे इंग्रजी शाळेतल्या २५ टक्के जागा. ते त्यातलं एक कलम झालं. बाकीचा कायदा जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या तुमच्या-माझ्या लेकरांसाठी आहे. त्यात मुलाचे हक्क आहेत, तसे पालकांनी शाळेत जाऊन काय विचारायचं याचेही आहेत. ते वापरायचे कसे, कोणत्या क्रमानं, कोणता कागद कुठं द्यायचा, हे इथं सांगतो. पैठण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. पाचोड असो, विहामांडवा असो की बिडकीन, रीत एकच.

घरून निघताना

पिशवीत एवढं असू द्या: मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स, असेल तर आधारची झेरॉक्स, मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक, दोन कोरे कागद, पेन आणि एक छोटी वही. वही सगळ्यांत महत्त्वाची. कुठल्या तारखेला कुणाला भेटलो, ते काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावलं, एवढं त्यात लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. चौथीतलं पोर एवढं लिहितं.

जन्मदाखला नसेल तर शाळेचं नाव काढू नका असं होत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. आधारचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलंय की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. तरी शाळा आधार मागतात, त्याचं एक कारण शिक्षकांच्या पदांची संचमान्यता. आधार जुळलेल्या मुलांच्या आकड्यावर शिक्षकांची पदं ठरू लागली, म्हणून नावाचं स्पेलिंग जुळलं नाही की मुख्याध्यापक हैराण होतात. तेव्हा आधार असेल तर द्या, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या, त्यात शाळेचंही भलं आहे. पण आधार नाही म्हणून लेकरू दारात उभं राहणार नाही. अपार, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी संमतीपत्र पुढं केलं तर वाचून, समजून घेऊनच सही करा. ती संमती पालकानं स्वखुशीनं द्यायची असते, म्हणून तर तिला संमतीपत्र म्हणतात.

आता प्रश्न येतो, विचारायला जायचं कुणी?

आपल्या भागात हा प्रश्न साधा नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागं राहते आजी आणि तिच्या पदराला धरून दोन-तीन नातवंडं. मागच्या हंगामात अशीच एक आजी माझ्याकडे आली होती. नातवाचं प्रगतिपुस्तक बघायला शाळेत गेली तर तिला सांगितलं, बापाला घेऊन या. बाप कारखान्याच्या कोपीवर, इथून अडीचशे किलोमीटरवर. आजी म्हणाली, "मीच त्याला न्हाऊ घालते, मीच शाळंत धाडते, आन् मलाच दाखवत न्हाईत." मी कायद्याचं कलम २ काढून दाखवलं. तिथं आई-वडिलांची व्याख्या वेगळी दिलीय: जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक घेणारे. आणि पालक कोण, तर ज्याच्या ताब्यात आणि देखभालीत ते मूल आहे ती व्यक्ती. आजी पालक आहे. आम्ही अर्जात तेवढं एक वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खुर्ची देऊन पुस्तक दाखवलं. सरांचाही फार दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हेच नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आईला लागू आहे. आई म्हणून तिला मुलाची माहिती मागता येते, त्यासाठी नवऱ्याची चिठ्ठी लागत नाही. बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या गीता हरिहरन प्रकरणात सांगितलंय. कोर्टाचा एखादा ताब्याबाबतचा आदेश असेल तर मात्र त्याची प्रत शाळेत आधीच देऊन ठेवा, म्हणजे गुरुजींची अडचण होत नाही.

पहिलं काम: जनरल रजिस्टर डोळ्यांनी बघा

हे काम मूल पहिलीत गेलं त्याच वर्षी करायचं. बहुतेक जण दहावीनंतर, जातपडताळणीच्या वेळी करतात आणि मग डोक्याला हात लावतात.

जनरल रजिस्टर म्हणजे ती जाडजूड, आडवी, कापडी पाठीची वही. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, बहुधा सगळ्यांत वरच्या कप्प्यात असते. एका ओळीत एक मूल. डावीकडून सुरू केलं तर रजिस्टर क्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी अंकांत आणि मग अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. टीसी म्हणजे या ओळीचीच नक्कल, आणि निर्गम उतारा म्हणजेही तीच ओळ. इथं जे लिहिलंय ते लेकराच्या मागं मरेपर्यंत फिरतं.

मराठवाड्यात तर या वहीची किंमत सगळ्यांनी बघितलीय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. निजामाच्या काळातली काही पानं उर्दूत, काही मोडीत. एखाद्या गुरुजीनं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी शाईत बुडवून लिहिलेला एक शब्द आज पणतवंडांच्या कामाला येतोय किंवा अडवतोय.

म्हणून मुख्याध्यापकांना मधल्या सुट्टीत भेटा, तासाच्या वेळी नको. म्हणा, "सर, माझ्या मुलाची जनरल रजिस्टरची नोंद बघायची आहे." आपल्या मुलाचीच ओळ बघायची, दुसऱ्याची नाही. बघताना या गोष्टी तपासा: नावात काना, मात्रा, अनुस्वार, आडनाव घरच्या इतर कागदांशी जुळतंय का, जन्मतारीख अंकांतली आणि अक्षरांतली एकच आहे का (हा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की सांगता सोय नाही), जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" लिहून सोडलंय का, खाडाखोड असेल तर तिच्यावर सही आहे का. नोंद वहीत उतरवून घ्या, रजिस्टर क्रमांकासह. तो क्रमांक हाती असला की पुढं कधीही उतारा मागायला पाच मिनिटं लागतात.

चूक सापडली तर गुरुजींना "एवढं खोडून नीट करा" म्हणू नका. त्यांना तो अधिकार नाही आणि खाडाखोड पुढं तुमच्याच मुलाच्या मुळावर येते. नाव, जात, जन्मतारीख यांतल्या बदलासाठी पुराव्यासह लेखी अर्ज करायचा, मुख्याध्यापक तो वर पाठवतात, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आली की रजिस्टरात दुरुस्ती होते आणि मंजुरीचा क्रमांक शेऱ्यात येतो. हे सगळं मूल शाळेत आहे तोवर करा. शाळा सोडल्यावर हीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.

अर्ज कसा लिहायचा

तोंडी विचारून काम झालं तर उत्तमच. आपल्या गावातले गुरुजी आपलेच असतात, पहिल्या दिवसापासून कायद्याची भाषा करू नये. पण दोनदा "उद्या या" ऐकलं की तिसऱ्यांदा लेखी जायचं.

अर्ज अर्ध्या पानापेक्षा मोठा नको. असा लिहा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, (गाव), ता. पैठण. विषय: पाल्याच्या प्रगतीची व उपस्थितीची माहिती मिळणेबाबत. महोदय, माझा पाल्य (नाव), इयत्ता (…), रजिस्टर क्रमांक (…), आपल्या शाळेत शिकत आहे. मी त्याची आई / आजी असून तो माझ्या देखभालीत आहे. त्याची जून ते आजपर्यंतची उपस्थिती, आकारिक व संकलित मूल्यमापनाच्या नोंदी आणि उत्तरपत्रिका पाहण्यास मिळाव्यात व प्रगतिपत्रकाची प्रत मिळावी, ही विनंती. दिनांक, सही किंवा अंगठा."

दोन प्रती करा. एक शाळेला द्यायची. दुसरीवर "मिळाला", तारीख, सही आणि शाळेचा शिक्का घ्यायचा. याला पोच म्हणतात. पोच घेतल्याशिवाय उठू नका. सही देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. ती पावती म्हणजेच पोच.

मुलाच्या प्रगतीबद्दल विचारणं म्हणजे शिक्षकावर अविश्वास, असं बऱ्याच आयांना वाटतं. तसं अजिबात नाही. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती हे त्यांना सांगणं, हे कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. फक्त शाळेत गेल्यावर "किती मार्क पडले" एवढंच विचारू नका. म्हणा, "याला मराठीचं एक पान वाचायला सांगा, मी ऐकते." दोन मिनिटांत कळतं ते दहा पानांच्या तक्त्यात कळत नाही.

हंगामाला जाताना: टीसी काढायची की नाही

इथं सगळ्यांत जास्त लेकरं गळतात, म्हणून जरा थांबतो.

घरातलं कुणी मागं राहणार असेल तर मूल गावातच ठेवा. पोरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. गावातच राहून शाळा आणि जेवण. पण ती आपोआप सुरू होत नाही. किती घरं कधी जाणार आणि किती पोरं मागं राहणार, याची यादी शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून हंगामाच्या आधी पंचायत समितीला पाठवावी लागते. म्हणजे यादीत आपल्या मुलाचं नाव घालायचं ते गणपतीच्या दिवसांत, दिवाळीच्या फराळात नव्हे.

मागं कुणीच नसेल आणि लेकरू सोबत न्यावंच लागत असेल, तर निघण्याआधी शाळेत जाऊन शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यात मुलाचं नाव, इयत्ता आणि ते कुठवर शिकलंय याची नोंद असते. पाच-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्याला नाव काढायची गरज पडू नये, यासाठीच ते आहे. कारखान्याच्या भागात पोचलात की पहिल्याच आठवड्यात जवळच्या सरकारी शाळेत ते दाखवा आणि मुलाला बसवा. मुकादम म्हणेल, पोरगी आहे, धाकट्याला सांभाळील. त्याला सांगा, ती सांभाळणार नाही, शाळेत जाणार. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं ही तिथल्या स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, तसं कलम ९ म्हणतं. वर्षाच्या मध्ये आलात म्हणून नाही म्हणता येत नाही. वयाच्या मानानं मागं पडलेलं मूल असेल तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून वेगळं शिकवायचं, असं कलम ४ आहे. बारा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, हे कायदा लिहिणाऱ्याला माहीत होतं.

आणि जर कायमचं गाव सोडणार असाल, तर टीसी काढा. कलम ५ म्हणतं, मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकानं टीसी लगेच द्यायची. उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. उलट बाजूनं, नव्या शाळेलाही टीसी आली नाही म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. टीसी मागाहून येईल, मूल आज बसेल. या एका वाक्याची झेरॉक्स मी माझ्या पिशवीत कायम ठेवतो. टीसी देताना "पट कमी होतो हो" म्हणून गळ घालतात, ते शिक्षकाच्या मनानं समजण्यासारखं आहे, पण अडवून धरायचा आधार त्याला नाही. बाकी कसली वर्गणी राहिली म्हणून कागद अडवणं तर पूर्ण चूक. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल अशी कुठलीही फी किंवा खर्च मुलावर लादता येत नाही.

टीसी हातात आली की ऑफिसातून बाहेर पडण्याआधी वाचा. जन्मतारीख दोन्ही प्रकारे, नाव, आईचं नाव, रजिस्टर क्रमांक. आपण आधी वहीत उतरवलेल्या नोंदीशी ताडून बघा. गावाला गेल्यावर चूक कळली तर एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं.

समितीत बसा

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे गावातल्या चार पुढाऱ्यांची बैठक, असं समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. कलम २१ वाचा. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आई-वडील किंवा पालकच असले पाहिजेत. निम्म्या बायका असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा हवी. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात, आणि समिती दोन वर्षांनी पालकसभेतून पुन्हा निवडायची असते. कामं तीन: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, आणि सरकारकडून किंवा दुसरीकडून आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं.

पालकसभेची नोटीस निघाली की जा. शेतातलं काम अर्धा दिवस थांबू द्या. नाव सुचवायला हात वर करा. बायांनो, तुमचं नाव नवऱ्यानं सुचवायची वाट बघू नका. आणि निवडून आलात की सही करण्याआधी इतिवृत्त वाचून घ्या. रजिस्टर घरी पाठवून "इथं सही करा" म्हणतात ते चालू देऊ नका. सभा झालीच नसेल तर त्या पानावर सही नाही.

हिशेब विचारायला बिचकू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदानाचा निकष आहे; १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी तो ५०,००० रुपयांचा आहे. त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर जायला हवी. मग मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही, नळाला पाणी का नाही, हे विचारायला तुमच्याकडे आकडा आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गात ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, हे कायद्याच्या परिशिष्टात आहे. वर्षाला पाचवीपर्यंत किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, हेही तिथंच आहे. एखादा गुरुजी सारखाच कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला जात असेल तर शाळेला दोष देण्याआधी बघा, त्याला पाठवलंय कुणी. जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामाखेरीज शिक्षकाला दुसरीकडे जुंपायचं नाही, असं कलम २७ आहे. त्या बाबतीत पालकांनी गुरुजींच्या बाजूनं ठराव करावा, तोही समितीचाच अधिकार.

दुपारच्या खिचडीचंही तसंच. मुलांना वाढण्याआधी चव बघून नोंदवहीत लिहायची पद्धत आहे. पालकांनी पाळीपाळीनं जाऊन चव घ्यावी. मी एका शाळेत तीन आयांनी हे सुरू केलेलं पाहिलंय. पंधरा दिवसांत डाळ घट्ट झाली, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही बरं वाटलं, कारण माल कमी येतो हे त्या केव्हापासून सांगत होत्या.

मूल मार खाऊन आलं तर

छडी असो, ओणवं उभं करणं असो की सगळ्या वर्गापुढं जातीवरून, बापाच्या दारूवरून बोलणं असो, कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. "आम्हीपण मार खाऊनच शिकलो" हे वाक्य घरात आधी बंद करा, नाहीतर लेकरू पुढच्या वेळी सांगणारच नाही.

त्या संध्याकाळी मुलाला शांत बसवून विचारा. काय झालं, कोणत्या तासाला, कुणाकुणासमोर. वहीत त्याच्याच शब्दांत लिहा. वळ असतील तर फोटो काढा आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवून केसपेपर घ्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. त्याच सुमारास समितीच्या अध्यक्षांनाही एक प्रत. तक्रार केली म्हणून मुलाला शाळेतून काढतील अशी भीती दाखवली तर लक्षात ठेवा, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि नापास झाला तर फेरपरीक्षा आहे, पण तिथं अडकलेल्या मुलालाही बाहेर काढता येत नाही.

मुलीला किंवा मुलाला कुणी वाईट हात लावला असेल तर मात्र वरची वाट धरायची नाही. मुख्याध्यापक नाही, समिती नाही, गावची बैठक तर मुळीच नाही. सरळ पोलीस ठाणं, किंवा १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असं आहे. कळूनही पोलिसांना न सांगणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. "मिटवून घेऊ" म्हणणाऱ्याला हे ऐकवा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं शाळांसाठी तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची पडताळणी याबद्दल निर्णय काढला. आपल्या शाळेत तक्रारपेटी आहे का, ती मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर आहे का, आणि शेवटची कधी उघडली, हे पुढच्या सभेत विचारा.

वर कुठं जायचं

मुख्याध्यापकांकडून आठ-पंधरा दिवसांत काही झालं नाही तर केंद्रप्रमुख. तिथून पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. त्यांच्या वर छत्रपती संभाजीनगरला जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी. प्रत्येक वेळी आधीच्या अर्जाची पोच जोडायची. ती नसेल तर वरचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, खाली दिलं होतं का?

तक्रारीच्या वरच्या ओळीत "बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, कलम ३२ अन्वये तक्रार" एवढं लिहा. त्यानं तक्रारीची जात बदलते. या कलमाखालच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाला दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर मुंबईला राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

माहितीचा अधिकार हे हत्यार शेवटी काढा, आणि मुलाच्या प्रगतीसाठी नको, शाळेच्या पैशासाठी आणि कागदांसाठी. अर्ज नमुना 'अ' मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही, पण पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून लांबण लावू नका. "अमुक शाळेस १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात मिळालेल्या शाळा अनुदानाची कीर्द, खर्चाच्या पावत्या व शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त यांच्या प्रती मिळाव्यात" एवढं पुरे. चुकीच्या कार्यालयात दिला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तराला ३० दिवस, प्रतींना पानामागं २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे; मुंबईला जावं लागत नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे गुण किंवा पत्ते मागू नका, ते मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

पट्टा पडला, गावी आलात

चैत्रात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो, ट्रक गावात येऊन थांबतो, संसार उतरवायचा असतो, मुकादमाचा हिशेब व्हायचा असतो. त्या गडबडीत शाळा जूनवर ढकलली जाते. असं करू नका. येताना तिकडच्या शाळेतून मूल किती दिवस बसलं याची हजेरी सही-शिक्क्यासह लिहून आणा. आलात त्याच आठवड्यात, वार्षिक मूल्यमापन व्हायच्या आत, ती हजेरी आणि हमी पत्रक घेऊन मुलासकट शाळेत जा. तिकडचे दिवस इकडच्या हजेरीत धरण्याचा अर्ज द्या, दोन प्रतींत. हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे या सहा महिन्यांत काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघा. नाव लाल शाईनं खोडलेलं दिसलं तर कधी, कशाच्या आधारे खोडलं ते विचारा आणि पुन्हा दाखल करून त्याच दिवसाची तारीख घाला. मग लेकराला वर्गात त्याच्या जागेवर बसवून, पोचेची प्रत आजीच्या पत्र्याच्या पेटीत, जन्मदाखल्याच्या खाली ठेवा.